सगळ्या बाजू दिसतात तुला, त्या कागदावर येऊ देत

अगं, आधी तो मेल पुन्हापुन्हा वाचणं बंद कर. परदेशातल्या जबाबदारीसाठी तुझं नाव पुढे गेलंय आणि त्याआधी एक दिवस 'गुंतागुंतीच्या प्रश्नांवर तुम्ही कसा विचार करता' हे तपासणार आहेत, एवढंच त्यात लिहिलंय. त्यावरून तू रात्री दोन वाजता मॅनेजमेंटची जाडजूड पुस्तकं मागवायला निघालीस! खरं सांगू का, या परीक्षेला पाठांतर उपयोगाचं नाही. मी बरीच वर्षं मनुष्यबळ विभागात काढली, अशा निवडींमध्ये टेबलाच्या पलीकडे बसले, आणि एक गोष्ट वारंवार पाहिली. हुशार बायका बरोबर उत्तर शोधत बसतात. समोरच्याला मात्र पाहायचं असतं ते उत्तरापर्यंत तुम्ही कशा पोचलात. ते सगळं त्या मनातल्या मनात करतात आणि कागदावर शेवटची ओळ तेवढी लिहितात.

तेव्हा हे लोक नेमकं काय मोजतात ते आज सांगते. ते कळलं की निम्मी भीती जाईल. उरलेली निम्मी राहू दे, तिच्यामुळे माणूस सकाळी वेळेवर उठतं.

हे मोजायच्या पद्धती बऱ्याच आहेत, पण माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक पद्धत म्हणजे माणसाला लिहायला लावणं. अमेरिकेत हॅरल्ड श्रोडर, मायकेल ड्रायव्हर आणि सिगफ्रिड स्ट्रॉयफर्ट या तिघांनी 1967 साली ती पुस्तकात मांडली. एक अर्धवट वाक्य द्यायचं, 'नियम म्हणजे…' किंवा 'माझ्या मनात शंका असते तेव्हा…', आणि पुढे चार-पाच ओळी लिहायला सांगायच्या. पुढे पीटर स्यूडफेल्ड आणि फिलिप टेटलॉक यांनी तीच मोजपट्टी पुढाऱ्यांच्या भाषणांना, पत्रांना आणि मुलाखतींना लावली. ती 1 ते 7 अशी असते. तपासणारा दोनच गोष्टी बघतो. एक, या माणसाला प्रश्नाच्या किती बाजू दिसतात. दोन, त्या बाजूंचा एकमेकींशी संबंध त्याला जोडता येतो का. वेणीसारखंच आहे बघ. आधी पेड वेगळे करावे लागतात, पण नुसते पेड वेगळे करून सोडले तर केस विस्कटलेलेच दिसतात.

एकच बाजू दिसली तर 1. दोन-तीन बाजू दिसल्या, पण शेजारी शेजारी पडून राहिल्या, तर 3. त्या एकमेकींत गुंफल्या तर 5. आणि त्या गुंफणीमागची मोठी व्यवस्था, तिचे पुढचे परिणाम असं सगळं मांडलं तर 7. ते फार क्वचित होतं. 2, 4 आणि 6 हे मधले. आणि हे नीट लक्षात ठेव, की तुझं मत तपासणाऱ्याला पटतं की नाही, याचा या गुणांशी संबंध नसतो. त्यासाठी तपासणाऱ्यांना मुद्दाम प्रशिक्षण दिलेलं असतं.

आता तुझ्याच कामातलं उदाहरण घेऊ. समज, प्रश्न असा आला: 'मुख्य कार्यालयाने सगळ्या देशांतल्या पुरवठादारांना 90 दिवसांनी पैसे द्यायचं ठरवलं आहे. तुमचं मत लिहा.'

पहिली लिहिते, 'नियम सगळ्यांना एकच हवा. अपवाद केले की शिस्त मोडते.' झाला 1. तिचं मत चूक आहे असं नाही, पण तिला एकच खिडकी दिसली.

दुसरी लिहिते, 'एकच मुदत असली की रोख रकमेचं नियोजन सोपं होतं. पण भारतात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 45 दिवसांच्या आत पैसे देणं 2006 च्या कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय चाकणचा छोटा वर्कशॉपवाला 90 दिवस थांबूच शकत नाही.' बघ, किती चांगलं लिहिलंय! तिला कायदा माहीत आहे, माणूसही माहीत आहे. तरी गुण 3 च, कारण या तीन गोष्टी तिने मांडल्या आणि ती उठून गेली.

तिसरी तेच घेते आणि पुढे लिहिते, 'मुदत जितकी वाढवू, तितकं पुरवठादाराचं व्याज वाढेल, आणि ते पुढच्या कोटेशनमध्ये आपल्याकडेच परत येईल. म्हणजे मुख्य कार्यालयाला रोकड वाचलेली दिसेल, पण माल महाग होईल. मोठ्या पुरवठादारांना ही मुदत झेपेल. लहानांना कायद्यानेच वेगळं धरावं लागेल. मग या दोन गटांची सरासरी किती दिवसांची पडते, ते पाहून लक्ष्य ठरवावं.' ही झाली 5 च्या घरातली. तिच्याकडे दुसरीपेक्षा जास्त माहिती नाही गं. तिने फक्त 'म्हणजे', 'त्यामुळे', 'जितकं-तितकं' हे शब्द लिहायचा कंटाळा केला नाही.

आणि हे तू रोज करतेस. पुरवठादाराशी फोनवर बोलताना तू हे सगळं धरूनच बोलतेस. पण लेखी द्यायची वेळ आली की तुझं एका ओळीचं 'नॉट फीझिबल' जातं. सवय आहे तुझी ती, आपल्याकडे बऱ्याच जणींची असते. इंग्रजीत लिहायचं म्हटलं की वाक्यं आखडतात, चूक होईल म्हणून माणूस थोडक्यात आटपतो, आणि तपासणाऱ्याला वाटतं की विचारच थोडका होता. म्हणून माझं ऐक. कच्चा कागद मिळाला तर त्यावर मराठीतच सुचतील तसे मुद्दे टाक, त्यांच्यामध्ये बाण काढ, आणि मग इंग्रजीत उतरव. व्याकरण जरा डगमगलं तरी चालेल. 'बिकॉज' आणि 'इफ' गाळू नकोस.

स्वतःबद्दलच्या प्रश्नावल्याही देतील. सिंगापूरच्या सून आंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांची सांस्कृतिक बुद्धिमत्तेची 20 विधानांची मोजपट्टी त्यात खूप वापरली जाते. 'मी वेगळ्या संस्कृतीतल्या लोकांशी बोलताना माझी पद्धत बदलते' अशा धर्तीची विधानं असतात, आणि आपण किती सहमत ते सांगायचं. यात काळजी करण्यासारखं काही नाही. फक्त सगळीकडे पूर्ण सहमत अशी खूण करत सुटू नकोस. प्रत्येक विधानाला मनात एक खरा प्रसंग आठव. आठवला तर वरचा आकडा, नाही तर मधला. मुलाखतीत त्यावरच विचारतात, आणि प्रसंग आठवत असला की जीभ अडखळत नाही.

मला स्वतःला आवडणारी पद्धत वेगळीच आहे. जॉर्ज केली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती 1955 साली मांडली. तू ज्यांच्याबरोबर काम केलंस अशा आठ-दहा जणांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची. मग त्यातल्या तीन उचलून विचारायचं, यातले कोणते दोघं सारखे आणि तिसरा कशात वेगळा? उत्तर आलं की पुन्हा वेगळ्या तिघांच्या चिठ्ठ्या. असं करत करत त्या माणसाच्या मनातल्या फुटपट्ट्या बाहेर पडतात. मग प्रत्येक नावाला प्रत्येक फुटपट्टीवर आकडे द्यायचे. त्याच वर्षी जेम्स बिएरी यांनी त्या तक्त्यावरून विचारांची गुंतागुंत मोजायला सुरुवात केली. ज्याच्या सगळ्या फुटपट्ट्यांवर त्याच त्याच माणसांना चांगले आकडे मिळतात, त्याच्याकडे शब्द दहा असले तरी फुटपट्टी खरं तर एकच, 'आवडतो' आणि 'आवडत नाही'.

आंतरराष्ट्रीय कामाला जाणाऱ्यांच्या बाबतीत हा तक्ता फार बोलका असतो. काहींच्या प्रत्येक तिकडीत दोन भारतीय एकीकडे आणि जर्मन दुसरीकडे, असंच पडतं. कारणं वेगवेगळी सांगतात, 'हे मोकळे, तो ताठर', 'हे जुळवून घेतात, तो नियमावर बोट ठेवतो', पण रेघ तिथेच. आज रात्री जेवणं झाली की घरीच करून बघ. वाण्याच्या बिलामागच्या चिठ्ठ्या चालतील. एखाद्या तिकडीत पुण्यातला तुझा स्टोअरवाला आणि तिकडचा लेखापरीक्षक एका बाजूला आले, कारण दोघंही कागद पाहिल्याशिवाय सही करत नाहीत, तर समज की तुझं डोकं ठिकाणावर आहे. आणि नाहीच आले, तरी घाबरू नकोस. कुठे आपण एकाच रेघेवर अडकतो हे आधी कळलेलं बरं.

आता तुझ्या खऱ्या धास्तीकडे येऊ, अशा निवडींत असतो तो संगणकावरचा खेळ. त्याला सिम्युलेशन म्हणतात आणि ऐकूनच पोटात गोळा येतो. त्याचा उगम माहीत असला तर गोळा विरघळेल. डिट्रिश ड्योर्नर हे जर्मन मानसशास्त्रज्ञ बांबर्ग विद्यापीठात काम करायचे. त्यांच्या गटाने संगणकात लोहाउझेन नावाचं साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीचं एक छोटं गाव उभं केलं. गावात नगरपालिकेच्या मालकीचा घड्याळांचा कारखाना, बँक, दुकानं, दवाखाने, सगळं. 48 जणांना एकेक करून त्या गावाचं महापौरपद दिलं आणि खेळातली दहा वर्षं कारभार करायला लावला. आत दोन हजारांहून जास्त गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या होत्या. एक हलवली की दहा हलायच्या.

कुणी गाव भरभराटीला आणलं, कुणी बुडवलं. आणि यशाचा बुद्ध्यंकाशी फारसा संबंध दिसला नाही. ज्यांना जमलं ते 'का' विचारायचे, नुसतं 'किती' नाही. एक विषय हातात घेतला की तो धसाला लावायचे. दिलेल्या हुकुमाचं पुढे काय झालं हे पाहायला परत यायचे. ज्यांना जमलं नाही ते एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारायचे, अडलं की सोप्या किरकोळ कामात शिरायचे, आणि बिघडलं की दोष दुसऱ्याच्या माथी. तोफगोळा एकदा सुटला की वाटेत वळवता येत नाही, तसे हुकूम सोडून मोकळं होण्याला ड्योर्नर यांनी नावही तोफखान्यातलंच दिलं होतं.

त्यांच्याच पठडीतला दुसरा खेळ मोरो लोकांचा. पश्चिम आफ्रिकेतल्या साहेल भागातली एक काल्पनिक भटकी जमात, गुरं राखणारी. तुम्ही मदत करायला गेलेले परदेशी. गुरांचे रोग आटोक्यात आणा, विहिरी खणा, दवाखाना काढा. पहिली काही वर्षं झकास जातात. गुरं वाढतात, माणसं वाढतात. मग कुरण संपतं, भूजल खाली जातं, अजून खोल विहिरी, पाणी अजून खाली, आणि शेवटी दुष्काळ. बघ गं, तू लातूरची. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं तू पाहिलंयस. एकाने बोअर दोनशे फूट खोल नेलं की शेजारचा तीनशे नेतो आणि मग कुणालाच लागत नाही, हे तुला कुठल्या संगणकाने शिकवायची गरज नाही. असला खेळ तुझ्याइतका कुणाला कळणार?

श्ट्रोश्नायडर आणि ग्यूस या दोघांनी हाच मोरोंचा खेळ भारतीय आणि जर्मन विद्यार्थ्यांना देऊन त्यांच्या पद्धतींची तुलना 1999 साली प्रसिद्ध केली. यावर माझं स्पष्ट मत ऐक. एकच कृती दोन ठिकाणी दोन अर्थांनी वाचली जाते. आपण थांबून, अंदाज घेत, थोडं थोडं करत जातो, कारण इथे उद्याची खात्री नसते. वीज, परवाना, पाऊस, काहीही आडवं येतं. एखाद्या परदेशी परीक्षकाला तो अनिर्णय वाटू शकतो. म्हणून गप्प बसून थांबू नकोस. 'मी दोन महिने थांबते आहे, कारण विहिरीचा परिणाम कुरणावर दिसायला वेळ लागेल. दोन महिन्यांनी गुरांची संख्या पाहून ठरवीन,' असं तोंडाने म्हण किंवा शेरा लिहायच्या चौकटीत लिही. थांबण्यामागचा विचार दिसला की तेच थांबणं शहाणपणाचं ठरतं.

आणि समोरच्याला काय हवंय याचा अंदाज बांधत बसू नकोस, हे तर मी तुला दटावूनच सांगते. टेटलॉक यांनी 1980 च्या दशकात दाखवलं, की ज्याचं मत आपल्याला ठाऊक नाही अशा माणसाला उत्तर द्यायचं आहे असं कळलं, की लोक आधीच चार बाजूंनी विचार करतात. त्याचं मत ठाऊक असलं तर सरळ तिकडे झुकतात. तू बॉसच्या चेहऱ्याकडे बघत उत्तर द्यायला लागलीस, की तुझ्या उत्तरातली निम्मी खोली तिथेच गेली.

आता झोपेबद्दल. हसू नकोस, हेही त्या मोजमापातच येतं. स्यूडफेल्ड आणि टेटलॉक यांनी 1977 साली जुन्या आंतरराष्ट्रीय पेचप्रसंगांतले सरकारी संदेश या मोजपट्टीवर घातले. 1914 साली, पहिलं महायुद्ध जवळ येत गेलं तशी नेत्यांच्या संदेशांतली पातळी घसरत गेली. 1962 साली क्यूबाच्या क्षेपणास्त्रांचा पेच मात्र युद्धाशिवाय सुटला, आणि तिथे पातळी वर गेलेली दिसली. म्हणजे ही जन्मजात, कायमची पातळी नाही. ताण, थकवा आणि घाई यांनी शहाण्या माणसालाही एकच बाजू दिसायला लागते. त्यामुळे आदल्या रात्री मुलाच्या प्रोजेक्टचा पुठ्ठा तू कापायचा नाहीस. सकाळचा डबा नवऱ्याने करायचा, पोळीभाजी नाही जमली तर फोडणीचा भात. सासूबाईंना आधीच सांग की त्या दिवशी गोळ्यांची आठवण तू करणार नाहीस, गोळ्यांची डबी आदल्या दिवशी भरून ठेव. या बारीकसारीक गोष्टी डोक्यात घोळत असताना मोरोंच्या गुरांकडे लक्ष कसं लागणार गं?

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायची आहे, कारण या मोजमापावर माझा विश्वास असला तरी आंधळा नाही. वरचा आकडा म्हणजे चांगला माणूस असं अजिबात नाही. टेटलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली अमेरिकेतल्या यादवी युद्धाआधीच्या गुलामगिरीवरच्या वादांचा अभ्यास केला. सगळ्यात गुंतागुंतीचा विचार कुणाचा निघाला माहितेय? गुलामगिरी आहे तिथे राहू दे, नव्या प्रदेशात पसरू देऊ नका, असं म्हणणाऱ्यांसारख्या मधल्या लोकांचा. गुलामगिरी मुळातच पाप आहे, आजच बंद करा म्हणणाऱ्यांचे आकडे त्यांच्यापेक्षा कमी. आणि बरोबर कोण होतं, ते तुला-मला सांगायला लागत नाही. म्हणून उद्या तिकडे गेल्यावर एखाद्या कामगाराच्या जिवाशी खेळ होत असेल, कुणी खोटे आकडे भरायला सांगत असेल, तर तिथे चार बाजू बघत बसू नकोस. तिथे 1 गुणाचं 'नाही' पुरतं.

बाकी रोजच्या कारभारात मात्र दोन्ही बाजू धरून चालणं फळाला येतं. कार्मित तादमोर, अ‍ॅडम गॅलिन्स्की आणि विल्यम मॅडक्स यांनी 2012 साली परदेशात राहिलेल्या लोकांवरचे अभ्यास प्रसिद्ध केले. त्यात अमेरिकेत काम करणारे इस्रायली व्यावसायिकही होते. आपला देश आणि तिथला देश, दोन्ही आपले मानणाऱ्यांच्या विचारात जास्त गुंफण दिसली. त्यांना बढत्याही लवकर मिळाल्या, सहकाऱ्यांत नावही चांगलं झालं. जे फक्त मायदेशाला धरून बसले किंवा जे पूर्ण तिकडचेच झाले, ते मागे राहिले. आणि नुसती परदेशातली वर्षं मोजून हे येत नाही. दोन्हीकडचं एकदम मनात धरून त्यातून वाट काढायचा रोजचा खटाटोप लागतो. तुला तो नवा नाही. लातूरचं माहेर, पुण्याचं सासर आणि नव्वद जणांचं खातं तू सांभाळतेसच, आणि तिन्हीकडे तुझा शब्द चालतो.

तेव्हा जा, आणि निवांत जा. सोबत पाण्याची बाटली आणि चार खजूर ठेव, दुपारनंतरच्या खेळात भूक लागते. आणि निकाल लागला की नुसता आकडा ऐकून घरी येऊ नकोस. माझ्या कोणत्या उत्तराला हा गुण दिला, कुणी दिला, तपासणारे दोघं होते की एकच, आणि हा कागद पुढे कुणाच्या फायलीत किती दिवस राहणार, हे चारही प्रश्न विचार. नम्रपणे विचार, पण विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस. नीट मोजणाऱ्याकडे त्यांची उत्तरं तयार असतात.